कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. माझ्या पोटात कपडे कधी राहिले नाहीत. शब्दकोशाच्या कार्यालयात एका सुताराने मला घडवले, साठ छोटे खण दिले आणि प्रत्येक खणात उभी कार्डे भरली गेली. एका कार्डावर एक शब्द. पुढच्या बाजूला शाईने अर्थ, मागच्या बाजूला पेन्सिलीने शब्दाचे मूळ. मुळाबद्दल छातीठोकपणे बोलू नये, म्हणून पेन्सिल, असे थोरले संपादक सांगत. कोशकारबाई इथे आल्या तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. माझा कुठला खण अडतो, हे त्यांच्या हातांना पाठ होते.

मग संगणक आले. टंकलेखकांनी कार्डे भराभर उतरवून घेतली आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप येऊन बसले. एक दिवस व्यवस्थापकांनी फर्मान काढले, "सगळं संगणकात आलंय. सोमवारी हे कपाट कार्डांसकट रद्दीत द्या." बाईंचा चेहरा उतरला. मला तर घाम फुटायचाच बाकी होता.

शुक्रवारी त्यांची भाची फोन नाचवत आली. "आत्या, तुझ्या ऑफिसचा व्लॉग करतेय. पण व्लॉग हा शब्द आला कुठून गं?"

"ब्लॉगचा ब काढून व्हिडिओचा व लावला. आणि ब्लॉगमधला ब आला वेबच्या शेपटीतून. वेब आणि लॉग."

"आणि लॉग?"

संगणकाने सांगितले, 'लॉग: नोंद.' पुढे काही नाही.

"पण नोंदच का?" पोरगी हटून बसली.

बाईंनी माझा खण ओढला, कार्ड काढले आणि उलटले. पुसट पेन्सिलीत लिहिले होते: लॉग म्हणजे ओंडका. जुने खलाशी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून समुद्रात सोडत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या, त्यावरून जहाजाचा वेग कळे. तो लिहायची वही म्हणजे लॉगबुक.

मित्रांनो, मी थक्क झाले! कालपरवा जन्मलेल्या त्या शब्दाच्या पोटात लाकूड तरंगत होते. माझ्याच जातीचे, खाऱ्या पाण्यात भिजलेले, समुद्र ओलांडून त्या पोरीच्या फोनपर्यंत पोचलेले.

बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी दुसरे कार्ड उलटून संगणकाशी ताडले, मग तिसरे, मग दहावे. "साहेब, जरा इकडे या," त्यांनी हाक मारली. "मागची बाजू कुणी उतरवलीच नाहीये."

व्यवस्थापकांनी स्वतः आणखी दहा कार्डे उलटून पाहिली. "आणि मी सोमवारी हे सगळं..." असे म्हणत त्यांनी फोन उचलला.

रद्दीवाल्याला नको म्हणून निरोप गेला. आता भाची रोज येते, कार्ड उलटून मोठ्याने वाचते आणि आत्या टंकते. दोन खण झाले, अठ्ठावन्न उरले आहेत. ते संपल्यावर माझे काय होईल, ठाऊक नाही. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी ती एकदा उलटून पाहा.