पाहणाऱ्यांची खुर्ची

मित्रांनो, खुर्च्या स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत, कारण बोलणारा बहुतेक वेळा त्यांच्यावर बसलेला असतो. आज माझ्यावर कोणी नाही. तेव्हा ऐका.

मी शाळेतली एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने माझे हात रुंद केले, पाठ सरळ ठेवली आणि एक पाय किंचित आखूड ठेवला. "शाळेतच जायचीय ना, चालेल," असं तो म्हणाला. त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून मी पाचवीच्या वर्गात रुजू झाले. त्याच वर्षी गणिताच्या बाईही रुजू झाल्या. त्यांचे दोन्ही पाय तेव्हा उत्तम होते.

बाईंची शिकवण्याची एक रीत होती. फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवायचं आणि मग माझ्यावर येऊन बसायचं. मुलं वह्या घेऊन एकेक करून यायची, माझ्या हातावर कोपर टेकायची आणि बाईंच्या कानात आपली अडचण सांगायची. बसल्यावर बाईंचा कान बरोबर मुलांच्या तोंडाच्या उंचीवर यायचा. सगळ्या वर्गादेखत "मला कळलं नाही" म्हणणं फार जड जातं, मित्रांनो. कानात म्हणता येतं. भागाकारात उरलेली बाकी पुढे कुठे जाते, ही काळजी मी कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकली आहे. बाई कधी हसल्या नाहीत. म्हणायच्या, "कुठे जात नाही रे, थांबते ती. आपण बघू तिचं काय करायचं ते."

त्या कोपरांनी माझे हात इतके गुळगुळीत झाले, की रंगाऱ्याने मला पॉलिश करायचं नाकारलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक.

मग शाळेला नवे मुख्याध्यापक मिळाले. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. उंचीने ते बेताचेच होते. बसलेला शिक्षक शिकवत नसतो, असा त्यांचा ठाम विश्वास होता. तो त्यांना कुठे सापडला हे कोणी विचारलं नाही, पण सर तो आपल्या खोलीत, गादीच्या खुर्चीवर रेलून सांगत. एका सकाळी शिपायाने वर्गावर्गांतल्या खुर्च्या उचलल्या. दारात उभे असलेले इतिहासाचे सर बाईंना म्हणाले, "राजा सिंहासन सोडून पळाला हे शिकवलंय मी. सिंहासनच राजाला सोडून चाललंय, हे नवीन आहे."

माझ्या बहिणी अडगळीत गेल्या. मी वाचले. शाळा बघायला कोणी आलं, की त्याला पाचवीत आणायची पद्धत होती. म्हणून मला शेवटच्या बाकामागे, भिंतीशी ठेवलं आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवली, 'पाहणाऱ्यांसाठी'.

बाई उभ्या राहून शिकवू लागल्या. त्यांचा कान वर गेला आणि कुजबुज बंद पडली. वर्ग शांत झाला. मोठे सर खूश झाले. बाकी कुठे जाते, हे विचारायला कोणी उरलं नाही.

पुढे बाईंच्या डाव्या पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. संध्याकाळपर्यंत घोटा असा सुजायचा, की चपलेचा पट्टा लागायचा नाही. डॉक्टरांनी बसून काम करायला सांगितलं. बसायला काय हवं, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक असतं असं त्यांना वाटलं असावं.

याच सुमारास विद्यापीठातून एक संशोधक मॅडम आल्या. शिक्षक काय मानतात, वर्गात काय करतात आणि कामावर सुखी असतात का, असा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. त्या माझ्यावर बसल्या. मॅडम मनाने फार चांगल्या. वजनानेही हलक्या. मांडीवर तक्ता घेऊन त्या थोड्या थोड्या वेळाने शिक्षिका काय करतेय ते टिपत होत्या.

डावा पाय ठणकायला लागला, की बाई फळ्यावर तळवा टेकून उभ्या राहत. मॅडमनी लिहिलं, 'फळ्याचा सतत वापर.' ते पुरेना, तेव्हा बाई एका बाकाचा आधार सोडून दुसऱ्याचा धरत वर्गभर फिरत. मॅडमनी लिहिलं, 'प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते.' कळ आली, की बाई ओठ घट्ट मिटून घेत. मॅडमनी लिहिलं, 'मुलांना विचार करायला वेळ देते.'

शाळा सुटल्यावर मुलाखत झाली. मॅडम बसलेल्या, बाई समोर उभ्या.

"बसा ना तुम्ही," मॅडम उठत म्हणाल्या.

"नको नको, तुम्ही बसा. ती तुमचीच आहे."

"बरं. कामावर येताना कसं वाटतं तुम्हाला?"

बाईंनी जवळचं बाक धरलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू का मॅडम? मला शिकवता येतं. पण मी ते बसून..."

दारात मोठे सर उगवले. "काय, चाललंय ना छान? आमच्या बाई म्हणजे शाळेचा खांब. खांब कधी बसलेला पाहिलाय?" ते स्वतःच हसले.

"छान चाललंय," बाई म्हणाल्या.

मॅडमनी पाचपैकी पाच गुण लिहिले. मी करकरले, पण जुन्या खुर्चीच्या करकरण्याकडे कोण लक्ष देतं.

अहवाल आला. मोठ्या सरांनी तो वर्गात येऊन वाचून दाखवला. सगळ्यात उत्साही आणि समाधानी शिक्षिका म्हणून आमच्या बाईंचं वर्णन होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी ती वेळ साधून हळूच विचारलं, "सर, मला तेवढी खुर्ची मिळेल का? पाय फार दुखतो."

"अहो बाई, ज्या उभं राहण्याने नाव झालं, तेच सोडता? आणि एकीला दिली, की सगळ्यांना द्यावी लागेल. उलट मी म्हणतो, सहावीचं गणितही तुम्हीच घ्या. इतका उत्साह एका वर्गात मावायचा नाही."

बाई सहावीवरही उभ्या राहू लागल्या.

मग एक दिवस, फळ्यावर उदाहरण अर्धं टाकून बाई बाकं धरत धरत मागे आल्या. त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझ्या पाठीवरची चिठ्ठी वाचली, मला ओढत ओढत पुढे नेलं, फळ्याजवळ ठेवलं आणि त्या बसल्या. मुलांनी शिक्षकाला बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"या रे," बाई म्हणाल्या. "काय अडलंय ते सांगा. इथे, कानात."

बराच वेळ कोणी हललं नाही. शेवटी एक मुलगी आली. वर्गात तिला पुटपुटी म्हणत. उभी राहिली, की तिच्या तोंडून शब्द बाहेरच पडत नसे. तिने माझ्या हातावर कोपर टेकलं आणि बाईंच्या कानात विचारलं, "बाई, बाकी कुठे जाते?"

बाई हसल्या. पेन्सिल घेऊन तिच्या वहीवर वाकल्या. पेन्सिल टेकली, पण आकडा काही उमटला नाही.

मोठे सर दारात आले तेव्हा पुटपुटी तशीच उभी होती, उत्तराची वाट पाहत.

"बाई, उठा," सर म्हणाले. "बाई, मी काय म्हणतोय? उठा आधी."

बाईंनी ऐकलं नाही. त्या शाळेत मोठ्या सरांचं न ऐकणाऱ्या त्या पहिल्याच.

पायातली रक्ताची गाठ वर सरकली, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. शिक्षकांना श्रद्धांजलीसाठी उभं राहा असं सांगावं लागलं नाही. मला पुन्हा मागे नेऊन ठेवलं. चिठ्ठी नवी चिकटवली.

मध्यंतरी मॅडम पुन्हा येऊन गेल्या. बातमी त्यांना फाटकातच कळली होती. त्या माझ्यावर बसल्या नाहीत. त्यांनी तक्ता पिशवीतून काढलाच नाही. मला उचलून पुढे नेलं आणि नव्या बाईंना म्हणाल्या, "आधी तुम्ही बसा." नव्या बाईंनी दाराकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून.

मित्रांनो, मी लाकूड. माझी निगा राखा, मला ओलीत ठेवू नका, असं मागायचा माझा हक्क आहे, पण आज तो मी सोडते. मागणं एवढंच, की तुमच्यासाठी दिवसभर उभ्या असणाऱ्या कोणालाही 'कसं चाललंय' असं विचारायचं असेल, तर तुम्ही उठा, त्यांना बसवा आणि दार लावून घ्या. मग विचारा. 'छान' असं उत्तर आलं, तर जरा थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.