सॉकेटवरचं झाकण

टर्नरला हळू आवाजात बोललेलं खपत नसे. उभी नोकरी लेथवर लोखंड कातण्यात, त्याच्या घरघरीत गेलेली. तिथे जो हळू बोलतो त्याला काहीतरी लपवायचं असतं, असं त्याचं ठाम मत. त्यामुळे नसांच्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून, आवाज पार मऊ करून सांगितलं की हातांतली ताकद आता हळूहळू कमी होत जाईल, यावर आज तरी औषध नाही, तुम्ही आराम करा, तेव्हा त्याला आजाराचा आला त्याहून जास्त राग त्या आवाजाचा आला.

"आज तरी नाही म्हणजे? उद्या असेल का?"

"संशोधन चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

"कोण करतंय? कुठपर्यंत आलंय?"

हे त्यांना आजवर फारसं कुणी विचारलं नसावं. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की एक संस्था यावर काम करते. हिशेब इतका अफाट आहे की त्यांची स्वतःची यंत्रं कमी पडतात, म्हणून ते त्याचे लहान लहान तुकडे करून लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पाठवतात. ज्याला वाटेल त्याने आपलं यंत्र कामाला लावावं, फुकट. तुकडा सुटला की यंत्र उत्तर आपणहून परत पाठवतं आणि पुढचा मागून घेतं.

टर्नरला हे डॉक्टरांच्या बाकीच्या बोलण्यापेक्षा पटकन कळलं. मोठी ऑर्डर आली आणि कारखान्याला झेपेना, की मालक आजूबाजूच्या छोट्या वर्कशॉपांत जॉब वाटून देतो. त्यात न समजण्यासारखं काय होतं? फक्त इथला जॉब त्याच्या स्वतःच्या हातांसाठी होता.

मुलीने लग्नानंतर टाकून दिलेला एक लॅपटॉप घरात होता. टर्नरने तो झटकला, खिडकीशी मांडला आणि कामाला जुंपला. बिचारा दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला. पण प्रत्येक जॉबला एक मुदत असे, आणि ती काही या लॅपटॉपला गाठता येईना. मुदत टळली की पडद्यावर एक ओळ उमटायची: हे काम दुसऱ्याकडे सोपवण्यात आले आहे.

पहिल्यांदा ती ओळ वाचून टर्नरने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. दुसऱ्यांदा त्याने लॅपटॉपला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा मात्र ते त्याच्या जिव्हारी लागलं. वर्कशॉपमध्ये त्याचा जॉब उशिरा गेला असं कधी घडलं नव्हतं, आणि आता स्वतःच्याच दुखण्याच्या कामात तोच मागे राहत होता.

"नवीन मशीन घ्यायचं," त्याने बायकोला सांगितलं. "सुटे भाग आणायचे आणि मी जोडायचं. माझ्या हातांनी. चालताहेत तोवर."

बायको रफू करत होती. कपड्यांच्या दुकानांतून फाटलेले कोट, शाली, भारी पातळ कापडं तिच्याकडे यायची, आणि भिंगाच्या दिव्याखाली बसून ती ते सगळं असं सांधायची की फाटलं कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं तीच लावून द्यायची, आणि दोघांपैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. ती सुई न थांबवता म्हणाली, "भाऊजींना विचारून घ्या म्हणजे झालं. आणि आपल्याला झेपेल असं घ्या."

भाऊजी म्हणजे टर्नरचा धाकटा भाऊ. बँकेतले कॉम्प्युटर सांभाळायचा, त्यामुळे घरात त्या विषयात त्याचा शब्द शेवटचा. भावावर जीव टाकायचा, पण मदत करायला निघाला की समोरच्याच्या हातातलं काम हिसकावूनच घ्यायचा.

तिघं मिळून दुकानात गेले. लांबट, अरुंद दुकान. दोन्ही बाजूंनी खोक्यांच्या थप्प्या आणि मागे उंच स्टुलावर बसलेली दुकानदारीण. तिने काउंटरवर दोन मदरबोर्ड मांडले, ज्यांच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात.

"हा जुन्या पिढीचा, हा नव्या पिढीचा," ती म्हणाली. "जुन्याचा बोर्ड स्वस्त, मेमरी स्वस्त. उरलेल्या पैशांत मोठा प्रोसेसर येतो. नव्याचा बोर्डच महाग, मग प्रोसेसर लहान घ्यावा लागेल."

"विचार कसला करायचा?" धाकटा म्हणाला. "दादा, तेवढ्याच पैशांत जुन्यात दुप्पट कोअर येतात. कोअर म्हणजे आतले कामगार समज. तुला काम जास्त करायचंय ना? मग कामगार जास्त घे."

यात चूक काही नव्हती. टर्नरने जुना बोर्ड उचलला, वळवून बघितला, खाली ठेवला. "आणि नवा कशासाठी घेतात लोक?"

"नवा तेवढ्याच कामाला वीज कमी खातो," दुकानदारीण म्हणाली. "तुमचं मशीन दिवसरात्र चालणार, तर बिलात फरक पडेल. पण खरं कारण वेगळं आहे, काका. जुन्याची लाइन बंद झाली. या सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेला, आता नवा प्रोसेसर येणार नाही, आज जो बसवाल तो शेवटचा. नव्या बोर्डवर अजून काही वर्षं नवे प्रोसेसर येत राहतील. तेव्हा फक्त चिप बदलायची, बाकी सगळं तसंच."

"पण ते पुढचं आपल्याला कशाला लागतंय?" बायको म्हणाली. टॉवेल घेताना जसा आवाज असतो तसाच, साधा, काटकसरीचा. "जुनंच घ्या. एवढं पुरेल तुम्हाला."

बोलून झाल्यावर ते वाक्य तिला ऐकू आलं. तिचा चेहरा उतरला. धाकटा एकदम खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागला.

"किती वर्षं पुरेल?" टर्नरने विचारलं.

बायको पर्सची चेन उघडझाक करू लागली.

"विचारतोय मी. ज्याची लाइन बंद झाली ते मला किती वर्षं पुरेल, असा हिशेब केलात तुम्ही?"

"अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. डॉक्टरही तेच म्हणाला, फक्त हळू आवाजात." त्याने नवा बोर्ड स्वतःकडे ओढला. तर्जनी थरथरत होती, ती त्याने लपवली नाही. "लेथ घेताना माणूस बेड बघतो, खालचा लोखंडी पाया. मोटर बदलता येते, चक बदलता येतो, बेड एकदा घेतला की घेतला. मला हा पाहिजे. आज लहान प्रोसेसर लावू. दोन-तीन वर्षांनी मोठा लावू."

"कोण लावणार?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"मी," टर्नर म्हणाला. "अजून कोण?"

दुकानदारीण खोकी बांधू लागली. बांधता बांधता तिने दोन गोष्टी बजावल्या. नव्या बोर्डच्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात, त्यांच्यावर काळं प्लास्टिकचं झाकण असतं. पिना वाकल्या तर बोर्ड परत घेणार नाही, झाकण हरवलं तरीही नाही. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहतो. मशीन आपली मेमरी पारखून घेत असतं. घाबरून बंद करू नका.

वाटेत बायको खोकं मांडीवर घेऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. टर्नरला तिच्याशी बोलावंसं वाटत होतं. पण रागही होता, आणि राग जरा ओसरू दिला तर त्याखालची भीती बाहेर येईल हे त्याला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली. धाकटा बाह्या सरसावून आला.

"दादा, तू बस, मी पटकन बसवतो."

"तू बस," टर्नर म्हणाला.

त्याने दोन्ही मनगटं टेबलावर टेकवली, कोपरं उशीवर ठेवली, श्वास सोडला आणि सॉकेटची पकड उघडली. झाकण अलगद निघालं. आत पिनांचं सोनेरी शेत पसरलं होतं. हात कापत होते, पण बेताने. धाकट्याचा जीव टांगणीला लागला होता. टर्नरला मात्र कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. समोर जॉब होता आणि तो त्याचा होता.

आणि इथेच घोळ झाला. लेथवर जॉब चढवण्याआधी तो पकडणाऱ्या चकाचे दात फडक्याने पुसायचे, नाहीतर लोखंडाचा एक कीस जॉब वाकडा करतो. जन्मभर हे केलेलं. त्याच्या खिशात अजूनही मऊ फडकं असे. हात सगळं विसरत चालले होते, ही एक सवय मात्र त्यांना बरोबर आठवली. कुणी काही म्हणायच्या आत फडकं बाहेर आलं आणि सॉकेटवरून फिरलं. एक धागा अडकला. टर्नरने हात वर घेतला तशी एक पिन त्या धाग्याबरोबर उभी राहिली.

"दादा, काय केलंस हे," धाकटा म्हणाला.

टर्नर फडक्याकडे बघत राहिला. हात कापल्यामुळे पिन वाकली असती तर ते आजारावर ढकलता आलं असतं. ही चूक आजाराची नव्हती, धडधाकट टर्नरने केलेली होती. त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडंसं हसूही आलं.

"राहू दे," धाकटा समजुतीच्या, हळू आवाजात म्हणाला. "प्रोसेसरचं खोकं फोडलेलं नाही, तो परत देतो. हा बोर्ड गेला असं समजू. जुनाच घेऊन येऊ. वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला."

वहिनी उठली. टर्नरला वाटलं, आता चादर आवरायला घेणार. ती आतल्या खोलीत गेली आणि भिंगाचा दिवा घेऊन आली. टेबलाला तो आवळला, सुयांचा डबा उघडला, त्यातली सगळ्यात बारीक सुई निवडली आणि नवऱ्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

"कोणती ते सांगा," ती म्हणाली.

"वहिनी, एक तुटली तर संपलं सगळं," धाकटा म्हणाला.

"भाऊजी, बोलायचंच असेल तर बॅटरी धरून बोला. या बाजूने उजेड द्या."

धाकट्याने बॅटरी धरली. टर्नर भिंगातून बघू लागला. शेजारच्या पिना सगळ्या एका बाजूला झुकलेल्या, एकच वेडी आकाशाकडे तोंड करून उभी. "मुळाशी धर," तो म्हणाला. "टोकाला हात लावू नकोस. दाबू नको, नुसती टेकव. आता माझ्या बाजूला. अजून. केसभर मागे घे." हात तिचा होता आणि अंदाज त्याचा. धातू कुठवर वाकेल आणि कुठे मोडेल हे तो पिनेच्या चमकेवरून सांगत होता, आणि ती एरवी त्याचं एक ऐकायची नाही, पण आता श्वाससुद्धा त्याला विचारून घेत होती.

"थांब," तो म्हणाला. "बसली."

पिन ओळीत जाऊन बसली होती. बायकोने सुई डब्यात ठेवली आणि हात पदराला पुसले.

"दुकानात मी जे बोलले ना," ती म्हणाली, "ते भीतीने बोलले. पुढचं काही घ्यायचं म्हटलं की मला धस्स होतं."

"मलाही होतं," टर्नर म्हणाला. "म्हणून तर घ्यायचं."

प्रोसेसर त्याने स्वतः ठेवला. मनगटं टेकवून, कोपरा कोपऱ्याला जुळवून, वरून सरळ खाली. पकड लावायला जोर लागतो. तो त्याच्या अंगठ्यात नव्हता, म्हणून त्याने तळहात वापरला. कुरकुर करत पकड बसली. पुढचं सगळं संथपणे झालं. एक स्क्रू इतक्यांदा निसटला की टर्नरने त्याचं बारसं करायचंच बाकी ठेवलं, पण धाकट्याला तो लावू दिला नाही.

मग बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

बराच वेळ काळा. धाकटा चुळबुळ करू लागला. "दादा, पिन नीट बसली नसणार. बंद करतो, नाहीतर जळेल काहीतरी." त्याचा हात बटणाकडे गेला.

"हात मागे," टर्नर म्हणाला. "ती बाई काय म्हणाली होती? पारखून घेतंय. घेऊ दे."

"इतका वेळ?"

"लागू दे वेळ. मी इथेच आहे, कुठे जात नाही."

पडदा उजळला. मेमरी पूर्ण दिसत होती, म्हणजे पिन नीट बसली होती. धाकट्याने बॅटरी अजून हातात तशीच धरली होती, ती त्याने आता विझवली, आणि पाठ फिरवून उगाच डोळे पुसले.

संध्याकाळ व्हायच्या आत पहिला जॉब उतरला, सुटला आणि परत गेला. ज्यात लॅपटॉपचे दिवसचे दिवस जात होते ते काम या लहानशा प्रोसेसरने चहाच्या दोन फेऱ्यांत उरकलं. पडद्यावर ओळ आली: निकाल स्वीकारला. मुदत अजून खूप लांब होती. टर्नरने ती ओळ मोठ्याने वाचली, आणि मग शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा वाचली.

धाकटा पसारा आवरायला लागला. थर्मोकोल, पिशव्या, तारा बांधायच्या पट्ट्या सगळं गोळा करून तो कचऱ्याच्या डब्याकडे निघाला.

"भाऊजी, ते काळं झाकण इकडे द्या," बायको म्हणाली.

"वहिनी, त्याचं आता काही काम नाही."

"कसं नाही? चिप बदलताना पिना झाकायला लागेल."

तिने झाकण पुसलं, सुयांच्या डब्यात तळाशी ठेवलं आणि डबा मिटला. मग नवऱ्याकडे वळून तिने त्याच्या शर्टाच्या खिशातलं फडकं काढून घेतलं.

"आणि तुम्ही ऐका. पुढच्या वेळी हे माझ्याकडे द्यायचं, आणि मगच टेबलाशी बसायचं. आत्ताच सांगून ठेवते."