निंबाखालची कोरी जागा

तीस वर्षं नकाशे काढले, म्हणून सांगतो. नकाशा कधी खोटं बोलत नाही असं म्हणणाऱ्याच्या हातात एकदा पेन्सिल द्यावी आणि त्याला त्याच्याच गावात सोडावं. मग बघू.

अडुसष्ट साली मी धुळ्याला नकाशांच्या कचेरीत नकाशे गिरवणारा ट्रेसर होतो. तापीच्या अलीकडचं आमचं गाव, त्याची विकास योजना जुनी झाली होती. ती तपासायची, आणि पुढच्या वीस वर्षांत वस्ती कुठे वाढेल, रस्ते कुठून जातील, शाळा कुठे, बाजार कुठे हे ठरवून नवी करायची, असा हुकूम आला. साहेब म्हणाले, "लोटन, गाव तुझंच आहे. पाहणी तूच करून आण." झालं, आम्ही फुगलो. भर थंडीत गल्लोगल्ली हिंडलो. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कापसाचं जिनिंग जांभळं, मळे हिरवे. ज्या जागेचा काहीच वापर नाही ती कोरी ठेवायची.

गावाच्या उत्तरेला मोठा निंब आहे. त्याच्याखाली दीडेक एकर मैदान. मी गेलो तेव्हा तिथं एक शेळी बांधलेली होती. शेळीचा रंग आमच्या यादीत नव्हता. मी 'मोकळी जागा' असं लिहिलं आणि पुढं निघालो.

आता ऐका माझं शहाणपण. त्याच निंबाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधतात. आमच्या खानदेशात दिवाळीला पोरगी आली नाही तर चालतं, पण आखाजीला माहेरचं कोणीतरी मुऱ्हाळी म्हणून जातं आणि तिला घेऊनच येतं. चार दिवस गावभरच्या लेकी त्या निंबाखाली असतात. झोके घेतात, गाणी म्हणतात, सासूची नक्कल करतात, पोट धरून हसतात आणि मधेच एखादी रडते. मंजुळाअक्का माझी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचा दोर मी स्वतः त्या निंबावर चढून बांधलेला आहे. आणि मीच लिहितो, मोकळी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याला.

पण विसरलो का, तेही सांगतो. अक्काला शिरपूरकडे दिलेली. आई गेली त्यानंतर गावचं घर मी एका शिंप्याला भाड्यानं दिलं आणि धुळ्याला दोन खोल्यांत राहायला आलो. पहिल्या वर्षी सुतक होतं म्हणून मुऱ्हाळी गेलो नाही. दुसऱ्या वर्षी रजा मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. अशी सहा वर्षं गेली. आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान कोणी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. आणि बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नाही, हा अक्काच्या सासरचा कायदा.

सत्तर साली नवा नकाशा चावडीवर लागला. कोरी जागा दिसली की योजना करणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. निंबाच्या मैदानावर कापसाचं गोदाम आणि ट्रक उभे करायची जागा आली होती. लोकांना हरकती घ्यायला साठ दिवस होते. दोनशे सतरा हरकती आल्या, आणि सगळ्यांचा सूर एकच, माझी सोडा नि शेजाऱ्याची घ्या. मांगीलालशेठनं तर तीन पानं टाईप करून पाठवली, कारण रुंद होणाऱ्या रस्त्यात त्याच्या दुकानाची पायरी जात होती.

त्या गठ्ठ्यात वहीचं एक फाडलेलं पान निघालं. अक्षर बघितलं आणि बाकीचा गठ्ठा बाजूला सारला. ज्या अक्षरानं मला पाटीवर बाराखडी गिरवायला शिकवलं, ते न ओळखायला मी काय मेलो होतो?

'गावातली बाई शिरपूरच्या बाजारात भेटली. तिनं सांगितलं, निंबाखाली गोदाम होणार. माझी तिथं जमीन नाही. घर नाही. कुठल्या उताऱ्यावर नाव नाही. पण ती जागा मोकळी नाही. तिथं आम्ही असतो. मंजुळाबाई.'

हरकत घेणाऱ्याला सुनावणीची नोटीस पाठवावी लागते. नोटिसा माझ्याच हातानं निघायच्या. मी पत्र लिहायला घेतलं होतं, पण 'अक्कास' लिहायला हात धजेना. मग सरकारी कागद ओढला. 'श्रीमती मंजुळाबाई अभिमन यांस. आपण जातीने हजर राहावे. ठरल्या वेळी हजर न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' साहेबांकरिता म्हणून खाली सही केली, ती माझी.

सुनावणीच्या दिवशी ती एकटीच आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात बोचकं. केस पिकले होते. मला बघून पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "मुऱ्हाळी नही उना, भाऊ. नोटीस उनी." रागानं म्हणाली असती तर सोसलं असतं. ती हसत म्हणाली. सासूनं नोटिशीवरचा शिक्का बघितला आणि सरकारला नाही कसं म्हणायचं, म्हणून सोडलं होतं.

आधी मांगीलालशेठची पायरी अर्धा तास चालली. मग अक्का उभी राहिली.

साहेबांनी विचारलं, "बाई, या जागेशी तुमचा संबंध काय?"

"मी गावची लेक आहे," ती म्हणाली. साहेबांसमोर ती शाळेतली भाषा जपून बोलत होती.

"वर्षातून चार दिवस वापर. बाकी सगळे दिवस रिकामीच ना?"

"साहेब, बाकीचे दिवस आम्ही त्या चार दिवसांवरच काढतो."

साहेब माणूस वाईट नव्हता. पण कागदाबाहेर जाणारा नव्हता. फाईल उघडून म्हणाले, "पाहणीत मोकळी जागा असं स्पष्ट लिहिलंय. पाहणी करणारा डोळे मिटून तर लिहिणार नाही."

अक्कानं मान हलवली. कोणी लिहिलं ते तिला ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर कधी कळलंही नसतं. माझी बढती त्याच वर्षी होती. मी उठलो. "साहेब, पाहणी मी केली. चुकीची केली. मला ठाऊक असून मी तसं लिहिलं."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग बोचक्याची गाठ घट्ट करत बसली.

साहेबांनी मला खरमरीत ठपका लिहून दिला, बढती गेली, आणि मैदानाचं गोदाम खोडून तिथं 'खुली जागा, झाड राखावे' असा शेरा पडला. मला बढतीचं काही वाईट वाटलं नाही. एवढं एक काम मी आयुष्यात नीट केलं, असं मी समजत होतो.

एसटी स्टँडवर तिला म्हटलं, "आज राहा ना, अक्का."

"नोटीस एकच दिननी शे, भाऊ." गाडी लागली, तशी ती पायरीवर चढली. "आखाजीले मुऱ्हाळी धाडजो."

"धाडू कशाला? मीच येतो."

आखाजीला अठरा दिवस होते. ठपक्यासोबत साहेबांचा हुकूमही होता, दुरुस्त नकाशाच्या सगळ्या प्रती महिनाअखेर हव्यात. दिवस-दिवस टेबलावर वाकून बसलो. निंबाखालच्या जागेला प्रत्येक प्रतीवर हिरवा रंग दिला, अगदी जीव लावून. नवव्या प्रतीवर होतो तेव्हा शिपायानं सांजोऱ्या आणून पुढं ठेवल्या. म्हटलं, आज काय? तर आखाजी.

पुढच्या वर्षी आठ दिवस आधीच रजा टाकली आणि गेलो. अक्का अंगणात दोर वळत बसली होती. माघात तिच्या थोरल्या प्रमिलेचं लग्न झालेलं, आणि दाजी तिला आणायला त्याच सकाळी निघाले होते.

"चल," मी म्हटलं. "बोचकं बांध."

तिनं दोर खाली ठेवला नाही. "आते मनी आंडेर येस, भाऊ. मी तठे उनू ते तिले झोका कोन बांधी?"

बरोबरच होतं. आता तिचीच लेक माहेरी येणार होती, तिचा झोका तिनंच बांधायचा. ती चहाला आत गेली आणि येताना ट्रंकेतून काहीतरी घेऊन आली. आईच्या लुगड्याच्या घडीत नोटीस ठेवलेली होती, कडा न दुमडता.

"तुनं अक्षर शे म्हनीसन ठेयी," ती म्हणाली.

मी ती उघडून वाचली. ठरल्या वेळी हजर न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. चांगलं घोटीव अक्षर होतं माझं. मी घडी होती तशी घातली, कागद तिला परत दिला, आणि तिच्या दोराचं दुसरं टोक धरून समोर बसलो.