डोरीनबाईंची साक्ष

साक्षीचा तो छापील अर्ज तीन आठवडे डोरीन प्रीस यांच्या टेबलावर तसाच पडून होता.

गावाशेजारच्या कुरणावर घरं बांधायची म्हणून मालकाने कुंपणाचे खांब आणून टाकले होते. त्या जागेची कायम 'गावमैदान' म्हणून नोंद व्हावी, यासाठी गावकरी झटत होते. कायद्याने त्यासाठी वीस वर्षं लोक तिथे उघडपणे, कुणाच्या परवानगीशिवाय, तंटा न करता खेळले-फिरले, हे साक्षींनी सिद्ध करायचं होतं.

"माझा काय संबंध?" डोरीनबाई म्हणायच्या. नवरा सिरिल जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर गावातलं कुणी घरी फिरकलं नव्हतं. कधी रविवारी त्यांच्या ध्यानात यायचं, की गुरुवारपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

अखेर निवृत्त पोस्टमास्तरीण नेस्टा बेडोज आली. चहा ओतता ओतता डोरीनबाईंनी ऐकवलंच, "अर्जासाठी बरी वाट सापडली गं माझ्या घराची!"

नेस्टाचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. वाटलं, तुला कुणी नको असेल. असं वाटून घेणं सोपं असतं, डोरीन."

"आणि मी कसली साक्ष देणार? तिथे न्यायला मला ना पोर, ना कुत्रा."

"रोज सकाळी जातेस कुठे?"

"कुरणावर. बसते."

"मग तेच सांग. जो तो 'माझा काय संबंध' म्हणाला, तर उद्या तिथे बसायला कुणाच्या पाया पडशील?"

चौकशी गावच्या सभागृहात झाली. मालकाच्या वकिलाने विचारलं, "बाई, तुम्ही तिथे नेमकं करता काय?"

"बसते."

"बसणं हा कुठला खेळ?" मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मालकाची परवानगी घेतली होतीत?"

"मालक कोण, हेच मला ते खांब आले तेव्हा कळलं!"

आता सगळेच हसले. पण डोरीनबाई हसल्या नाहीत. "सव्वीस वर्षं जातेय, साहेब. आधी आम्ही दोघं, आता मी एकटी. पोरं पतंग उडवतात, ते बघते. जाणारे-येणारे 'गुड मॉर्निंग' म्हणतात, मी मान हलवते. आठवडाभरात माणसाचा आवाज माझ्या कानी पडतो तो तेवढाच! तेवढाही काढून घेणार?"

रोज 'गुड मॉर्निंग' म्हणून पुढे जाणाऱ्यांच्या माना खाली गेल्या.

नोंद झाली. मालक वरच्या कोर्टात गेला. दीड वर्षाने तिथेही हरला. गावाने जल्लोष केला. काही दिवस डोरीनबाईंकडे केक आले, माणसं आली. मग पुन्हा जो तो आपल्या कामाला लागला. नेस्टा मात्र दर मंगळवारी येते. बाकीच्या दिवशी चार वाजले, की घर अजूनही खायला उठतं.

पण त्या स्वतः बदलल्या. परवा कुरणावर एक अनोळखी म्हातारा एकटाच बसला होता. पूर्वी त्या मान हलवून पुढे गेल्या असत्या. त्या थांबल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी डोरीन. तुम्ही?"

वाचकहो, जे सगळ्यांचं असतं, ते कुणीच आपलं म्हटलं नाही की हातचं जातं. मैदान जातं, आणि शेजारचं माणूसही! कोर्ट फार तर मैदान वाचवील. माणसाची विचारपूस आपणच करायला हवी.