पाच खोटे फटके

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा आइस हॉकीच्या सामन्याचं दुसरं सत्र चालू होतं. संघासाठी फटके मोजणारे आकडेमास्तर गोलच्या मागे काचेला लागून, तिच्या जागेवर बसले होते. नर्सने दोन वाक्यांत सांगितलं. मास्तरांनी फोन खिशात टाकला. तेवढ्यात काळी रबरी चकती बर्फावरून सुसाट आली आणि गोलकीपरने ती पायाने अडवली. मास्तरांनी कागदावर खूण केली, आणि मग त्यांचा हात थांबला.

गोलकीपर तिचाच भाऊ. ती त्याला धाकटा म्हणायची, म्हणून चौतिशीतही सगळा संघ त्याला धाकटाच म्हणे.

मास्तर उठून कोचकडे गेले.

"वाईट झालं," कोच म्हणाला. "पण त्याला आत्ता नका सांगू. एकाच गोलने पुढे आहोत."

मास्तर बरं म्हणाले आणि परत येऊन बसले. तिसऱ्या सत्रात त्यांनी आणखी सात खुणा केल्या.

सामना जिंकला. धाकटा हेल्मेट काखेत घेऊन आला. "भावोजी, किती अडवले?"

"एकोणीस."

"एवढेच? ताई मोजायला असती तर चोवीस भरले असते. तिला म्हणावं, लवकर बरी हो."

तेव्हा मास्तरांनी सांगितलं.

पंधरा दिवस धाकटा त्यांच्याशी बोलला नाही. सोळाव्या दिवशी बोलला, तोही कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्यांदेखत.

"माझी ताई गेली आणि हे रेघा मारत बसले होते. यांना कापलं तर शाई निघेल."

दोघंतिघं हसले.

"तिला तरी कुठे सोडलं यांनी? मी बाजू बदलली की तीही बसायची उशी काखेत मारून या टोकाची त्या टोकाला पळायची. यांच्या आकड्यांपायी."

मास्तरांनी आपला कागदांचा गठ्ठा उचलला आणि ते घरी आले.

खरं तर त्याच आठवड्यात कोचने धाकट्याचं भलं करायचं ठरवलं होतं. गेल्या हंगामात घरच्या मैदानावर धाकटा शंभरातले ब्याण्णव फटके अडवायचा, यंदा नव्वद. बाहेरच्या माणसाला दोन टक्के म्हणजे काहीच वाटणार नाही, पण गोलकीपर संघात राहतो की घरी जातो ते तेवढ्यावरच ठरतं. "बहिणीच्या काळजीने खचला," कोच म्हणाला होता. "आणखी एक हंगाम देऊ. तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

लिहायचं म्हणून मास्तरांनी गेल्या हंगामाचे कागद काढले आणि सामन्यांची चित्रफीत लावली. नियम साधा आहे. गोलकीपर नसता तर आत गेला असता तोच फटका मोजायचा. बाजूने गेलेला किंवा खांबाला लागलेला धरायचा नाही. मास्तरांना टेबलावरून ते नीट दिसत नसे, म्हणून तिला गोलच्या मागे बसवलेलं. वाद पडला तर तिचा शब्द शेवटचा. यंदा ती दवाखान्यात, म्हणून तिथे मास्तर स्वतः बसत.

पहिल्या सामन्यात तिने लिहिलेले पाच फटके गोलच्या बाहेरून गेले होते. दुसऱ्यातही पाच. तिसऱ्यात एक तर हातभर लांबून गेलेला, तरी समोर तिची गोल गोल अक्षरं: "अडवला." घरचे तीस सामने, दीडशे खोटे फटके. कधी सहा नाहीत. सहा झाले असते तर नवऱ्याच्या डोळ्यांत आले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साडेसातशे फटक्यांत साठ गोल म्हणून ब्याण्णव टक्के. खरे फटके सहाशेच, म्हणून नव्वद. धाकटा यंदा खचला नव्हता. तो आधीपासून तेवढाच होता. परगावी त्याचे टक्के कमी भरायचे, तर सगळे म्हणायचे, त्याला घरचाच बर्फ मानवतो.

तिच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडायला ती नव्हती.

भाऊ होता.

मास्तरांनी अहवाल चार ओळींत लिहिला. कोचने तो दोनदा वाचला.

"म्हणजे दुःखाबिःखाचा काही संबंध नाही?"

"नाही."

"आपला राखीव गोलकीपर किती अडवतो?"

"नव्वद पूर्णांक आठ."

कोचने कागदाची घडी घातली. "बरं झालं सांगितलंत."

तिसऱ्या दिवशी धाकटा खेळाच्या सामानाची भलीमोठी पिशवी पाठीवर घेऊन मास्तरांच्या दारात उभा राहिला. आत ये असं मास्तर म्हणाले नाहीत.

"ताईने खोटं लिहिलं?"

"दीडशे वेळा."

"आणि तुम्ही हे दडपलं असतं तर?"

"तर आणखी एक वर्ष खेळला असतास."

धाकट्याने मान हलवली. मग हळूच म्हणाला, "ती तुम्हाला सारखी सांगायची, नुसते टक्के बघू नका, फटका किती लांबून आला ते बघा. म्हणायची, धाकट्याच्या पुढे बचावाला चाळणी उभी आहे, सगळे तोंडावर येऊन मारतात, जवळचे फटके वेगळे काढले तर त्याच्यासारखा कोणी नाही. तो हिशेब केलात?"

"नाही."

"का?"

"कोणी मागितला नाही."

"ती मागत होती की."

धाकट्याने पिशवीचा पट्टा सारखा केला. "मला तरी एकदा करून द्या. दुसऱ्या कुठल्या संघाला दाखवेन."

"बघू," म्हणून त्यांनी दार लावलं.

कागद जेवणाच्या टेबलावर तिच्या बाजूला पडून आहेत. प्रत्येक फटक्यापुढे तिने अंतरही लिहिलंय, आणि फटका खोटा असला तरी अंतर खोटं लिहिलेलं नाही. मास्तरांनी ते वीसेक ठिकाणी चित्रफितीशी ताडून बघितलं. दीडशे खोटे वगळून उरलेल्या सहाशे फटक्यांची अंतरं मांडायला दोन दिवस लागतील. संघांनी पुढच्या हंगामाचे खेळाडू नक्की करायला आता चार दिवस उरलेत. ती अंतरं अजून मांडलेली नाहीत.