राईतून चोरलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे, धावड्याच्या लाकडाचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं लोक म्हणतात. म्हणोत. माझी बाजू कोणी विचारली आहे का?

मारुंजीच्या टेकडीवर भैरोबाची देवराई आहे. तिथलं वाळकं काटूकसुद्धा घरी न्यायचं नाही, असा गावाचा रिवाज. गावातल्या आबाजीने मात्र मला ओला असतानाच तोडलं, तासलं आणि कुऱ्हाडीत ठोकलं. त्याच दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

गावापुरता आबाजी मोठा भक्त. नारळ फोडायला पहिला, खोबरं उचलायलाही पहिला. चोरी दिसू नये म्हणून त्याने मला चुलीवरच्या माळ्यावर लपवलं. तिथे वर्षभर धूर खात मी एकच काम केलं, आकसत गेलो.

चोपन्न साली पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली, लाकडाला गिऱ्हाईक आलं. आबाजीची नजर राईतल्या जुन्या ऐनाच्या झाडावर गेली. त्या ऐनाखाली यशोदाबाई रोज दुपारी बसायची. तिचा मुलगा पटकीच्या साथीत गेला होता. घरात तिचा जीव घुसमटे; इथे खोडाला पाठ टेकली, पानांची सळसळ ऐकली, की तो जवळच आहे असं तिला वाटे. तिला एवढी एकच जागा उरली होती.

"काकू, उठा," माळ्यावरून काढलेली कुऱ्हाड खांद्यावर टाकून आलेला आबाजी म्हणाला. "घरात बसाय जागा न्हाई व्हय?"

"जागा हाय. जीव लागत न्हाई. तू तोड, मी काय उठत न्हाई."

तो खोडाच्या पलीकडे गेला. सुकलेला दांडा आधी पाण्यात भिजवून फुगवावा लागतो. घाईत तो विसरला. पहिल्याच घावाला मी पातं सोडून दिलं. ते उलटून त्याच्या पायावर आलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

यशोदाबाईने पदर फाडून पाय बांधला. त्याला चालवेना, तो तिथेच खाली टेकला.

"आता बसलाईस, तर गप बस."

तो तसाच बसून राहिला. वारा ऐनातून उतरत राहिला. घटकाभराने त्याने डोळे मिटले आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, की माझा जळफळाट झाला. सूड मी घेतला आणि शांती याला मिळाली.

ऐन वाचला. आबाजी आता रोज लंगडत येतो, यशोदाबाईशेजारी गुपचूप बसतो. राईत असेपर्यंत मी तिची काठी. मी इथलाच, हे तिने ओळखलं; राईतलं राईत राहावं म्हणून ती मला खोडालाच टेकवून घरी जाते.

मित्रांनो, झाडापाशी रिकाम्या हातांनी जा आणि नुसते बसा, तेवढं पुरतं. भैरोबाने आबाजीला क्षमा केली असेल. मी केलेली नाही. त्याचे डोळे मिटले, की मी हळूच घसरतो आणि नेमका त्याच्या दुखऱ्या पायावर पडतो.