गौरीच्या अंगावरच्या टिकल्या

वसुबारस, शेवंतीबाईंचा कडक उपास, आणि नेमक्या त्याच सकाळी बोरिवलीच्या छोट्याशा गोठ्यात चार देशांचे गुरांचे डॉक्टर उतरलेले. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका. त्यांना बोलावणारी शेवंतीबाईंची सून गंधाली, सरकारी पशुवैद्यक. गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या लम्पी रोगाची तालीम होती. एका देशात गाय आजारी पडली की शेजाऱ्यांना तासाभरात खरा आकडा कळला पाहिजे, एवढीच परीक्षा. गौरी गाय ठणठणीत. गाठी म्हणून गंधालीने तिला एकवीस लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. चारही पथकांनी पाळीपाळीने त्या मोजायच्या.

हे टिकल्यांचं घरी सांगायचं मात्र राहून गेलं.

गौरीला घास दिल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही, हा शेवंतीबाईंचा रोजचा नेम. पुढच्या दाराला मनाईची पट्टी बांधलेली, म्हणून त्या नेहमीच्या मागच्या दाराने आत गेल्या. पाहतात तर गौरी शिंगांपासून शेपटीपर्यंत नटलेली. सुनेने सणाची एवढी हौस केली म्हणून त्यांना भरूनच आलं. बटव्यातल्या पाकिटातली एक टिकली त्यांनीही गौरीला लावली, हात जोडले आणि निघाल्या.

दारात चाळीतल्या शेजारीण सुंदराबाई. "गो शेवंते, यंदा टिकल्यांची फॅशन काय?"

"सूनबाईंनीच सुरू केलीय," शेवंतीबाई हळूच म्हणाल्या.

चाळीला एवढं पुरे होतं.

पाऊण तासाने आकडे आले. नेपाळ बावीस. भूतान सत्तावीस. बांगलादेश एकतीस. श्रीलंका चौतीस, पैकी एक चमकीची. भूतानचे डॉक्टर म्हणाले, हा रोग नाही, वणवा आहे. श्रीलंकेने तर बंदरं बंद करायचा हुकूम लिहायला घेतला.

गंधाली रडकुंडीला आली. "वाट लागली, आई. माझी पहिलीच जबाबदारी. कुणीतरी आत शिरलंय, आणि आता कबूल कोण करणार?"

शेवंतीबाईंनी बटव्यातलं पाकीट चाचपलं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? चार परक्या माणसांपुढे त्या कधी बोलल्या नव्हत्या. पदर सावरत त्या पुढे झाल्या.

"बाविसावी माझी. मागच्या दाराने गेले होते."

नेपाळचे थोरले डॉक्टर चंद्रप्रकाश आधी गडगडाटी हसले, मग हात जोडून म्हणाले, "ताई, आमच्या देशांत नेमकं हेच होत नाही. जो तो झाकतो, आणि शेजाऱ्याचा गोठा रिकामा झाल्यावर कळतं. बाकीच्या कुणाच्या, सांगाल?"

"ही मोठी मरून सुंदराबाईंची. चमकीची अक्षताची. या तीन श्वेताच्या, तिला एकीने भागत नाही…"

एकेका नावामागे एकेक डॉक्टर चाळीत धावला. बारा मिनिटांत अकरा बायका रोग पसरू नये म्हणून औषधाच्या पाण्याच्या टबात पाय बुडवून, तोंडाला पदर लावून हसत उभ्या. चारही पथकांनी एकच निरोप धाडला: गाठी एकवीस, टिकल्या तेरा, सुरुवात शेवंतीबाईंपासून. तास भरायला तीन मिनिटं बाकी होती.

"आई, आता चार देशांत तुमचं नाव झालं," गंधाली म्हणाली.

"पण ते सुरुवातबिरुवात तेवढं खोड गं."

संध्याकाळी पूजेला पाहुणेही रांगेत उभे राहिले. टबाशी सुंदराबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. चंद्रप्रकाश बूट घालून तसेच पुढे सरकले, तर बाईंनी काठी आडवी घातली.

"नेपाळ असो नायतर नालासोपारा. आधी पाय बुडवा."